आज नाही, उद्या या!

कोथरूडमध्ये वन बीएचके फायनल केला त्या दिवसाची गोष्ट. घरमालक काका समोर चहाचा कप घेऊन बसलेले, आणि डिपॉझिट भरायला मी मोबाइलवर बँकेचं अ‍ॅप उघडून. पासवर्ड बरोबर, ओटीपी बरोबर, अकाउंटमध्ये (चक्क!) पैसेसुद्धा होते. तरी अ‍ॅप म्हणालं, हे खातं आजच जोडलंत ना? मग एवढी रक्कम आज नाही जाणार, उद्या या. माझा फोन, माझे पैसे आणि मलाच नकार! त्या दिवशी मनातल्या मनात बँकेला ज्या शिव्या घातल्या, त्या इथे छापता येणार नाहीत.

पुढे एका फीचरसाठी तिजोऱ्यांवर वाचत होते, तेव्हा कळलं की मालकालाही दाद न देणारं कुलूप ही काही सॉफ्टवेअरवाल्यांची आयडिया नव्हे. दीडशे वर्षांपूर्वी एका अमेरिकन माणसानं ती बँकांच्या गळी उतरवली होती. त्याचं नाव जेम्स सार्जंट.

१८२४ साली व्हरमाँटमध्ये जन्मलेल्या या गृहस्थांनी पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये, म्हणजे कोडॅकच्या गावात, कुलपांचा कारखाना काढला. ग्रीनलीफ नावाचा पार्टनर घेतला. ‘सार्जंट अँड ग्रीनलीफ’ ही कंपनी आजही तिजोऱ्यांची कुलपं बनवते. सार्जंटची खासियत म्हणजे त्याला दुसऱ्यांची कुलपं उघडता यायची. नामांकित कंपनीचं कुलूप तो गिऱ्हाइकासमोर उघडून दाखवायचा आणि मग आपलं पुढे करायचा. मार्केटिंग असावं तर असं!

त्या काळात तिजोरीचा वीक पॉइंट होता किल्लीचं भोक. चोर त्यातून हत्यार घालायचे, नाहीतर सरळ बंदुकीची दारू ठासून दार उडवायचे. त्यावर उपाय होता आकड्यांचं कुलूप. बाहेर एक गोल डायल, आत एकामागे एक चकत्या आणि प्रत्येक चकतीला एक खाच. आकडे बरोबर क्रमानं फिरवले की सगळ्या खाचा एका रेषेत येतात, त्यात दांडी पडते आणि दार उघडतं. सार्जंटनं यात अशी सोय केली की बँकेला हवा तेव्हा स्वतःच नंबर बदलता यावा. कारागिराला बोलवायला नको आणि नंबर त्याच्या कानावर जायला नको.

झालं, प्रश्न मिटला? छे! चोर आपल्यापेक्षा प्रॅक्टिकल असतात. त्यांनी तिजोरीचा नाद सोडला आणि कॅशियरच्या घराचा पत्ता शोधला. रात्री तोंडं झाकून घरात शिरायचं, बायकापोरांना बांधायचं, पिस्तूल रोखायचं आणि नंबर विचारायचा. म्हणजे कुलूप जितकं पक्कं, तितका कॅशियरच्या जिवाला धोका जास्त. लोखंड फोडण्यापेक्षा माणूस फोडणं सोपं, हे चोरांना केव्हाच कळलं होतं.

सार्जंटचं मोठेपण इथे आहे. त्यानं आणखी जाड दार किंवा आणखी अवघड नंबर शोधला नाही. त्यानं दाराच्या आतल्या बाजूला घड्याळ बसवलं. संध्याकाळी बँक बंद करताना घड्याळाला किल्ली द्यायची, किती तासांनी उघडायचं ते लावायचं आणि दार लोटायचं. तेवढे तास संपेपर्यंत बोल्ट अडकलेला. बरोबर नंबर फिरवा, मॅनेजर येऊ दे, बँकेचा प्रेसिडेंट येऊ दे, दार हलणार नाही. कल्पना आधीही काहींना सुचली होती, पण बँकांमध्ये खऱ्या अर्थानं चालली ती सार्जंटची. पेटंट १८७३ चं, आणि १८७४ मध्ये इलिनॉयमधल्या मॉरिसन गावच्या फर्स्ट नॅशनल बँकेत असं कुलूप लागलं.

घड्याळ बंद पडलं तर? ही शंका तेव्हाच्या बँकवाल्यांनाही आली असणारच. म्हणून आत दोन घड्याळं. एक थांबलं तरी दुसरं वेळेवर दार मोकळं करणार.

तरी सगळे लगेच तयार झाले नाहीत. मग आली २५ जानेवारी १८७६ ची रात्र. मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्दॅम्प्टन गावात बुरखे घातलेली टोळी जॉन व्हिटल्सी या बँक कॅशियरच्या घरात शिरली. घरातल्या सगळ्यांना बांधलं. व्हिटल्सीनं आधी खोटे आकडे सांगितले. चोरांनी ते लिहून घेतले आणि म्हणाले, आता परत सांग. बिचाऱ्याला आपलंच खोटं आठवेना. मग मारहाण, आणि शेवटी खरे आकडे. बँकेतून दहा लाख डॉलर्सहून जास्त ऐवज गेला. कुलपाची काहीच चूक नव्हती. बरोबर नंबर मिळाला, ते उघडलं. या दरोड्यानंतर टाइम लॉकची मागणी धडाधड वाढली.

दिवसाढवळ्या, बँक उघडी असताना पडणाऱ्या दरोड्यावर हे औषध नव्हतं, हे खरं. पण रात्री कॅशियरच्या उशाशी पिस्तूल घेऊन बसण्यात आता काही अर्थ उरला नाही. एरवी कुलपाबद्दलची प्रत्येक गोष्ट गुपित ठेवायची असते. इथे उलट, आमच्याकडे टाइम लॉक आहे हे चोराला आधीच माहीत असलेलं बरं. ‘मला नंबर माहीत आहे, पण त्याचा उपयोग नाही’ या एका वाक्यात कॅशियरचं अख्खं घर सुरक्षित.

आता नाशिकच्या मामाची गोष्ट. मागच्या वर्षी त्याला व्हिडिओ कॉल आला. समोर खाकी गणवेश, मागे ऑफिसचा सेट. ‘तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, कोणाशी बोलायचं नाही.’ डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकार आपल्या कायद्यात नाहीच, पण घाबरलेल्या माणसाला हे कोण सांगणार? मामानं मुकाट्यानं त्यांचं खातं जोडलं, ओटीपी टाकला. आणि अ‍ॅप म्हणालं, आज नाही, उद्या.

‘सकाळी फोन करतो’ म्हणून त्या लोकांनी कॉल ठेवला. रात्री मामा जेवला नाही. मामीला संशय आला, तिनं मला फोन लावला. मी म्हटलं, ‘मामा, तू आधी पाणी पी आणि मला पहिल्यापासून सांग.’ अर्ध्या तासात आम्ही १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावला होता. रिटायरमेंटचे पैसे जागच्या जागी होते.

चोरांची पद्धत १८७६ चीच आहे. फक्त आता त्यांना खिडकीतून शिरावं लागत नाही, व्हिडिओ कॉल पुरतो. आणि त्यांना आपल्याकडून हवी असते ती घाई. मामाला मिळाली ती एक रात्र, शांतपणे कोणाशी तरी बोलायला.

आता मामाकडे एक वाक्य तयार असतं. फोनवर कोणीही पैशाचं नाव काढलं की तो म्हणतो, ‘उद्या बघू.’ बघा, तुम्हालाही जमतंय का. आणि हो, घरमालक काकांना डिपॉझिट दुसऱ्या दिवशी मिळालं. चहा मात्र दोनदा पाजावा लागला!