एका नांगराची दोन वर्षं

अकोला-अमरावतीकडच्या काळ्या जमिनीत हरळी माजली की ती उपटता उपटता नाकी नऊ येतात. लाकडी नांगर माती फाडतो, पण पालथी करत नाही. लोखंडी नांगराचं वळणदार पातं मात्र ढेकळं उलथवतं. मग मुळं उन्हात वाळून जातात.

असा नांगर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात १९०३ साली बनवला. पण घेणार कोण? लोखंडानं जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज! पहिला नांगर खपायला तब्बल दोन वर्षं लागली. लक्ष्मणरावांनी नाद सोडला नाही.

पुढे बेळगावातली जागाही सोडावी लागली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा ओसाड माळ दिला. तिथे निवडुंग आणि साप यांचंच राज्य! १९१० साली त्याच माळावर किर्लोस्करवाडी वसली. १९२६ मध्ये तिथे पाण्याचा पंप तयार झाला. आज तिथले काही पंप इतके अवजड असतात, की ते उचलायला क्रेनच लागते!

आता आजोबांना विचारा बरं, आपल्या शेतात पहिला लोखंडी नांगर कधी आला? आणि तेव्हा घरात कोण कोण नको म्हणालं होतं?