उंबरठ्याशी थांबणारा कायदा आणि मुलांचे कान

नवी दिल्ली : सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई करणारा कायदा देशात २००३ मध्ये झाला, त्याचे सुधारित नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झाले. मात्र, या मनाईची हद्द घराच्या उंबरठ्याशी संपते आणि लहान मुलांचा बहुतांश वेळ जातो तो त्या उंबरठ्याच्या आत.

जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार, घरात इतरांच्या धुराला सामोरे जाणाऱ्या प्रौढांचे प्रमाण २००९-१० मधील ५२.३ टक्क्यांवरून २०१६-१७ मध्ये ३८.७ टक्क्यांवर आले. ही घट दिलासादायक आहे. तथापि, सर्वेक्षण १५ वर्षांवरील व्यक्तींचे असल्याने, ज्यांना धोका अधिक ती तान्ही व लहान मुले या आकडेवारीत दिसत नाहीत.

नाकामागील पोकळी आणि मध्यकर्ण यांना जोडणारी नलिका मुलांमध्ये आखूड व जवळपास आडवी असते. विडी-सिगारेटच्या धुराने तिच्या अस्तराला सूज येते आणि स्राव बाहेर ढकलणाऱ्या सूक्ष्म केसांचे काम मंदावते. परिणामी पडद्यामागे द्रव साचतो, जंतुसंसर्ग वारंवार होतो. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००६ मधील अहवालाने पालकांचे धूम्रपान आणि मुलांचे मध्यकर्णाचे विकार यांत कार्यकारणसंबंध असल्याचा निष्कर्ष नोंदवला.

साचलेला द्रव अनेकदा दुखत नाही. केवळ ऐकू कमी येते. भाषा शिकण्याच्या वयात हे घडले तर उच्चार आणि अभ्यास मागे पडू शकतो आणि मुलावर ‘लक्ष देत नाही’ असा शिक्का बसतो.

राष्ट्रीय बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम आणि राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रम हे दोन्ही २००७ च्या सुमारास सुरू झाले. एकाचा रोख कानावर, दुसऱ्याचा व्यसनावर. कान फुटलेल्या मुलाला तपासताना ‘घरात कोणी विडी-सिगारेट ओढते का?’ हा प्रश्न नेमाने विचारला गेला, तर दोन्ही कार्यक्रम एकाच कुटुंबापाशी जोडले जातील. त्यासाठी नव्या यंत्रणेची गरज नाही.

घरात पोलीस पाठवून हा प्रश्न सुटणारा नाही. खिडकी उघडणे किंवा दुसऱ्या खोलीत जाऊन ओढणे हेही पुरेसे नाही. व्यसन सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे. मुलाच्या कानावरील उपचाराबरोबर हा क्रमांकही पालकांच्या हाती पडायला हवा.