गुमास्त्याचा अर्धा तास

यवतमाळच्या बाजारातल्या एका कापड दुकानात मी एकतीस वर्षं साड्या दाखवल्या. लग्नसराईत आर्णी, घाटंजी, राळेगावकडची मंडळी बस्ता बांधायला यायची. एकेका बस्त्याला वीस-बावीस माणसं. वरमाय एकीकडे, मानपानाच्या साड्या बोटांवर मोजणारी मावशी दुसरीकडे, आणि पसंतीचा शेवटचा शब्द कोपऱ्यात गप्प बसलेल्या आजीचा. अकराला बसलेली मंडळी चारपर्यंत हलायची नाहीत. मी उठलो तर गिऱ्हाईकही उठेल, ही भीती शेठजींना होती तशीच मलाही होती. डबा आतल्या जिन्याखाली, खोक्यांच्या मागे पडलेला असायचा. मे महिन्यात चव्वेचाळीस डिग्रीत तो साडेचारला उघडला, की आधी भाजीचा वास घ्यायचा आणि मग ठरवायचं, खायची की कुत्र्याला टाकायची.

पण तेव्हा मी निदान बसलेला असायचो. पांढरी गादी, मागे लोड. गिऱ्हाईक समोर, मी त्याच्यापुढे मांडी घालून. पुढे दुकानाचं शोरूम झालं. काच आली, एसी आला, लांबलचक काउंटर आलं. गिऱ्हाईकांना खुर्च्या मिळाल्या आणि आम्ही काउंटरमागे उभे राहिलो. माल तोच, पगार तोच, आमची बैठक तेवढी गेली. उभा असेल तोच कामाचा आणि बसला तो कामचुकार, हे कोणी ठरवलं कोण जाणे. आपल्या भाषेत तर ‘बसून खातो’ हा आरोपच आहे. मग बसून डबा खाणाऱ्याची काय कथा!

दुकानाच्या परवान्याला आपण ‘गुमास्ता’ म्हणतो. बँकेत कर्जाला गेलं, की पहिला प्रश्न: गुमास्ता आहे का? गुमास्ता म्हणजे खरं तर दुकानातला नोकर, म्हणजे मी. माझ्या नावाचा कागद गल्ल्यामागे लक्ष्मीच्या फोटोशेजारी फ्रेम करून टांगलेला होता. तो कागद ज्या कायद्याखाली मिळतो, त्यात माझ्यासाठी काय लिहिलंय, हे मी नोकरी सुटल्यावर वाचलं.

१९४८ च्या जुन्या कायद्यात होतं की दुकानातल्या माणसाकडून सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही, मध्ये किमान एक तास विसावा द्यायचा. नोकर एक असो की पन्नास. तो तास मला एकदाही मिळाला नाही हे खरं, पण कागदावर तरी तो माझा होता. २०१७ मध्ये नवा कायदा आला. तासाचा अर्धा तास झाला आणि तोही दहा किंवा जास्त कामगार असलेल्या दुकानांपुरता. आता दत्त चौकापासून चालत निघा आणि दुकानांतले नोकर मोजा. दोन, तीन, चार. जनरल स्टोअर्स, भांड्यांची दुकानं, चपलांची दुकानं, जूनमध्ये बियाण्यांसाठी रांगा लागतात ती कृषी केंद्रं, बहुतेक सगळी त्या ओळीबाहेर. नवव्या माणसाला भूक लागत नाही, दहावा आला की नवाच्या नवांना लागते, असा हा हिशेब.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने आणखी बदलाला मान्यता दिली. दिवसाचे नऊ तास दहा करायचे, विसाव्याआधीचे पाच तास सहा करायचे आणि कायदा लागू व्हायला दहाऐवजी वीस कामगार हवेत. म्हणजे दहाला कामावर आलेल्या मुलीला उशिरात उशिरा तीनला डबा उघडता यायला हवा होता, तो चारवर गेला. आणि दुकानात एकोणीसच जण असतील, तर चाराचीही हमी नाही. दुकानदाराला कागदपत्रांचा जाच कमी व्हावा, हे मला पटतं. रजिस्टरं कमी करा, नूतनीकरणाच्या चकरा बंद करा. पण जेवणाची सुट्टी ही कागदपत्रांत मोडते का?

१८८४ साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी सगळ्यांना ठाऊक आहे; १० जून १८९० ला ती मान्य झाली. त्याच अर्जात दुपारी अर्धा तास विश्रांतीही मागितली होती, ती कोणाच्या फारशी लक्षात नाही. ज्यांनी ती मागितली, ते तर दिवस मावळेपर्यंत यंत्रापुढे राबणारे.

शेठजी वाईट नव्हते. दिवसातून तीनदा चहा पाजायचे, पोरीच्या लग्नात मला उचल दिली. स्वतःही गल्ल्यावरच दोन घास खायचे आणि उष्ट्या हातानं हिशेब सांगायचे. म्हणूनच मागायला जीभ रेटत नसे. चहा न मागता मिळायचा, अर्धा तास मागावा लागला असता, आणि मागितला की आपण चहा विसरलो असं व्हायचं.

माझंही सांगतो. मी जुना झालो, पोरांवर नजर ठेवायचं काम माझ्याकडे आलं. दिवाळीच्या गर्दीत लोहाऱ्याहून सायकलनं येणारी एक नवी मुलगी खोक्यावर टेकलेली दिसली. ‘काऊन वो, आत्ताच थकली काय?’ मी भरल्या दुकानात म्हणालो. गिऱ्हाईक हसलं. ती उठली, पुन्हा कधी बसली नाही. नंतर कळलं, ती सकाळपासून पाणीच पीत नसे. दुकानात बायकांसाठी संडास नव्हता आणि बाहेर जायचं तर आधी मला विचारावं लागलं असतं.

केरळमध्ये कोळिकोडच्या मिठाई तेरुवू या बाजारात विजी पळित्तोडी नावाच्या शिलाईकाम करणाऱ्या बाईने नेमकं इथूनच सुरू केलं. आधी संडास, मग बसायचा हक्क. २०१८ मध्ये केरळने कायदा बदलून दुकानातल्या कामगारांना बसायची सोय देणं सक्तीचं केलं, २०२१ मध्ये तामिळनाडूनेही केलं. आपल्याकडे मुंबई-नागपूरला अधिवेशनं होतात, त्यात हा विषय निघाल्याचं मी ऐकलेलं नाही.

माझं मागणं फार नाही. माणसं किती ते न मोजता प्रत्येक दुकानाला जेवणाचा अर्धा तास लागू करा. पाळी लावा, दोघं जेवतील तेव्हा दोघं गिऱ्हाईक बघतील. आणि काउंटरवरची बाई डबा खाताना दिसली, तर आपणही ‘इकडे कोणी बघणार आहे का?’ म्हणून टेबल वाजवू नये. शंभर साड्या उलगडून एक घ्यायची आपली रीत आहेच, त्यात दहा मिनिटं गेली तर मुहूर्त टळत नाही.

माझी पुतणी एका शोरूममध्ये आहे. तिथे काउंटरमागे स्टूल ठेवलंय, असं ती परवा सांगत होती. मला फार बरं वाटलं. ‘बसतेस ना मग?’ मी विचारलं.

‘कसं बसू काका,’ ती म्हणाली, ‘त्याच्यावर ब्लाउजपीसचे खोके आहेत.’