आधी चासी, मग आठवण

अपघातात मोडलेली जुनी मोटारसायकल विकत घेऊन पुन्हा उभी करावी का, हा साधा व्यवहाराचा प्रश्न आपल्याकडे वाङ्मयीन होऊन बसला आहे. गाडी येझदी असेल तर विशेषच. म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना 1996 साली बंद पडला. त्यानंतर या गाडीविषयी जे ललित लेखन झाले त्यात वडील असतात, पावसातला घाट असतो, दोन सायलेन्सरांचा आवाज असतो आणि शेवटी 'जुने ते सोने' हा ठरलेला समारोप असतो. लिहिणारे बहुधा आपल्यापैकीच, म्हणजे साहित्य शिकणारे आणि शिकवणारे. या लेखनाने गाडी घेणाऱ्याला काय पाहावे हे कधी सांगितले नाही. काय वाटावे एवढेच शिकवले. माझा आक्षेप त्यावर आहे.

निमित्त घडले ते एका माजी विद्यार्थ्यामुळे. त्याला एक रोडकिंग मिळते आहे. समोरून आदळलेली, पुढचा चिमटा वाकलेला, टाकी चेपलेली. त्याच्या वडिलांची रोडकिंग घरच्या अडचणीत विकली गेली होती. त्याचा निर्णय झालेला होता. माझ्याकडून हवी होती ती केवळ संमती. आणि तिच्यासाठी त्याने पुरावा आणला होता तो रॉबर्ट पर्सिगच्या 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' या 1974 सालच्या पुस्तकाचा.

हे पुस्तक अशा प्रसंगी नेहमीच पुढे केले जाते, आणि पुढे करणारा त्याचे शीर्षकही नीट वाचत नाही. पर्सिगचा विषय देखभाल हा आहे. धडधाकट यंत्राचा आवाज ऐकणे, वेळेवर तेल बदलणे, बिघाड होण्याआधी त्याची चाहूल घेणे, ही ती कला. ज्या होंडावर त्याने मुलासह प्रवास केला ती आदळून वाकलेली नव्हती. देखभाल आणि पुनर्बांधणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत यंत्र आपल्याला ठाऊक असते. दुसरीत दुसऱ्याच्या हातून झालेली, आपण न पाहिलेली एक घटना आपण विकत घेतो.

ती घटना चासीत लिहिलेली असते. समोरून धडक बसली की आधी चिमटा वाकतो आणि जोर उरला तर हँडल ज्या नळीत बसते ती मान मागे ढकलली जाते. मानेचा कोन थोडा जरी बदलला तरी गाडी एका बाजूला ओढू लागते, वेगात हँडल थरथरते. नवा चिमटा, नवी टाकी, नवा रंग यांनी हा दोष जात नाही. तो फक्त दिसेनासा होतो. मानेखालच्या नळ्यांवर रंगाला सुरकुत्या आहेत का, वेल्डिंगच्या जोडाशी तडा आहे का, चिमटा सरळ केल्यावर मागच्या चाकाला लावून ताणलेली दोरी पुढच्या चाकाशी जुळते का, हे पाहायला कोणतीही प्रतिभा लागत नाही. इंजिनाचे काम त्या मानाने सोपे. सिलिंडर बोअर करता येतो, पिस्टन नवा टाकता येतो. चासी मात्र तापवून सरळ केली तरी त्या धातूवर पूर्वीसारखा विश्वास टाकता येत नाही.

दुसरा प्रश्न कागदांचा. आपल्या कायद्याला गाडीची ओळख पटते ती चासी नंबरावरून. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 प्रमाणे वाहन नष्ट झाले वा कायमचे निकामी झाले, तर मालकाने चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचे असते. तसे कळवून नोंदणी रद्द झाली असेल तर आपण भंगार घेत आहोत. पोलिसांनी सुपूर्दनाम्यावर सोडलेली गाडी असेल तर ती विकण्यावर न्यायालयाची अट असू शकते. म्हणजे अपघात कसा झाला, गाडीवर कोण होते, त्यांचे पुढे काय झाले, हे विचारावेच लागते. येझदीवरच्या एवढ्या लेखांत हा प्रश्न मी एकदाही वाचलेला नाही. स्मरणरंजनाला वडील चालतात. तिऱ्हाइताचे मोडलेले हाड चालत नाही.

आक्षेप येईल की ही कारकुनी वृत्ती झाली. सारेच फेकून देण्याच्या काळात कुणी तरुण हाताला ग्रीस लावून मोडलेले जोडू पाहत असेल तर त्याला बळ द्यावे. आक्षेपात तथ्य आहे. फिटरच्या शेजारी बसून इंजिन उघडणाऱ्या मुलाला कार्यकारणाचा जो धडा मिळतो तो आमच्या वर्गात मिळत नाही, हे मी मान्य करतो. पण जोडण्याचीही एक नीती असते, आणि ती आपल्याला परकी नसावी. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली तेव्हा जिथे पाठ निश्चित नव्हता तिथे संपादकांनी त्याखाली नागमोडी रेघ ओढली. शंका झाकली नाही, छापली. मोडलेल्या गाडीवर चकचकीत रंग चढवून 'अगदी मूळची' म्हणून मिरवणारा किंवा विकणारा ही रेघ पुसत असतो. पाठचिकित्सेच्या परीक्षेत ज्या चुकीला आपण गुण कापतो, तिचे गॅरेजमध्ये कौतुक का करावे?

तेव्हा माझे उत्तर असे. मान सरळ असेल, नंबर शाबूत असेल, आरसी बुकावरचे नाव आणि विकणारा एकच असेल, तर गाडी जरूर घ्यावी. खर्च विकत घेतल्याच्या किमतीहून कितीतरी अधिक होईल हे धरून घ्यावी. आणि काय बदलले, काय सरळ केले याची वही ठेवावी. मान वाकलेली असेल तर गाडी म्हणून घेऊ नये, मग ती वडिलांच्या गाडीशी कितीही मिळतीजुळती असो. ती त्यांची गाडी नाहीच. वडिलांची आठवण त्याची एकट्याची आहे. मागच्या सीटवर मात्र त्याची बहीण बसणार आहे.

हे ऐकून तो थोडा दुखावला. सर, तुम्ही कवितेचे माणूस, असे म्हणाला. मी म्हटले, म्हणूनच. रविवारी तो एका फिटरला घेऊन गाडी पाहायला जाणार आहे. जाताना माझ्याकडून दोरी घेऊन गेला आहे.