खांडववनाचा हिशेब : वीरकथेच्या पुनर्कथनाविषयी

पुराकथांचे पुनर्कथन हा आधुनिक मराठी साहित्यातील एक समृद्ध प्रवाह आहे. 1967 या एकाच वर्षी त्यातील दोन भिन्न वृत्तींचे ग्रंथ प्रसिद्ध झाले : शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ ही कादंबरी आणि इरावती कर्वे यांचा ‘युगान्त’ हा लेखसंग्रह. पहिल्याने उपेक्षित कर्णाला नायकपद दिले. दुसऱ्याने नायकपदाचेच मोल तपासले. नायक बदलला तरी वीरकथेची चौकट अबाधित राहू शकते. शौर्याची किंमत कोणी चुकवली, हा प्रश्न त्या चौकटीत बसत नाही. पुनर्कथनाची खरी कसोटी मात्र हा प्रश्नच होय, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आदिपर्वाच्या अखेरीस येणारे खांडववनदहन या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. अर्जुनाला गांडीव धनुष्य, अक्षय भाते आणि दिव्य रथ याच प्रसंगी मिळतो. परंपरेच्या स्मरणात राहिली ती ही प्राप्ती. जळणाऱ्या वनातून निसटू पाहणाऱ्या प्राण्यांना कृष्णार्जुनांनी ठार केले, हा भाग मागे पडला. अग्नीतून वाचले ते सहाच : तक्षकपुत्र अश्वसेन, मयासुर आणि शार्ङ्गक पक्ष्यांची चार पिले. अश्वसेनाला वाचविताना त्याची माता अर्जुनाच्या बाणाने मारली गेली. ‘युगान्त’मधील ‘मयसभा’ या लेखात इरावतीबाईंनी या संहाराकडे वाचकाचे लक्ष वेधले, हे त्यांचे मोठेच ऋण आहे.

प्राचीन कथेला आजची नीती लावू नये, असा आक्षेप येथे घेतला जातो. तो सहजी टाळण्यासारखा नाही. परंतु येथे तो लागू पडत नाही. हा हिशेब व्यासांनीच मांडून ठेवला आहे. पिलांना उचलून नेता येत नाही म्हणून विलाप करणारी जरिता मूळ संहितेतच आहे. वाचलेल्या मयाने बांधलेली सभा दुर्योधनाच्या मत्सराचे निमित्त होते आणि कथा द्यूताकडे वळते. अश्वसेन पुढे कर्णाच्या बाणात शिरून अर्जुनावर चालून येतो. तक्षकाच्या दंशाने परीक्षित मरतो, जनमेजय सर्पसत्र आरंभतो आणि त्या सत्रातच वैशंपायन भारतकथा सांगतो. वीरकथा ज्या स्थळी ऐकली जाते, तेथेही पुन्हा सर्पच जळत आहेत!

हा विचार केवळ ग्रंथालयापुरता नाही. कणकवली तालुक्यातील फोंडाघाट हे गाव सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. घाट चढून गेले की गव्यांसाठी प्रसिद्ध असलेले दाजीपूरचे अरण्य लागते. अशा रानालगतच्या श्रोत्याला वन जळणे हे निव्वळ रूपक वाटण्याचे कारण नाही. सिंधुदुर्गातील जत्रांतून रात्रभर रंगणाऱ्या दशावतारात पौराणिक आख्यानाचा आराखडा ठरलेला असतो. संवाद मात्र नट उत्स्फूर्तपणे बोलतात. विजयी राजपार्टीला तिच्या विजयाचा जाब विचारणारे वाक्य उच्चारण्याची मोकळीक या परंपरेत मुळातच आहे.

म्हणून पुनर्कथनाचा अभ्यास छापील कादंबऱ्यांपाशी थांबता कामा नये. एका जत्रेत बोललेला संवाद पुढच्या जत्रेत तसाच येईल, याची शाश्वती नसते. विद्यापीठीय विभागांनी हे संवाद ध्वनिमुद्रित करावेत आणि मूळ संहितेशेजारी ठेवून वाचावेत. त्यात जरितेचा स्वर कोठे उमटतो आणि कोठे दडपला जातो, याची नोंद घेणे हे संशोधकाचे काम आहे. वीराचा गौरव त्यामुळे उणावत नाही. त्या गौरवासाठी जे जळाले, त्याची गणना तेवढी पूर्ण होते.