चिठ्ठी मटक्याची नव्हती

परवा सकाळी आमच्या ओळखीच्या एक ताई घरी आल्या. चार घरची धुणीभांडी करून दोन मुलांना शिकवणाऱ्या या ताई कधी कोणाच्या दारी गाऱ्हाणे घेऊन जात नाहीत. आल्या त्या उंबऱ्यातच थांबल्या. पदराच्या गाठीतून चार घड्यांचा एक कागद सोडवला आणि आमच्या हाती दिला.

"भाऊ, थोरल्याच्या शर्टाच्या खिशात निघाला. धुवायला काढला म्हणून दिसला. आकडे बघा त्याच्यावर. त्याच्या आजोबांनी मटक्यापायी घरात भांडं ठेवलं नव्हतं. आता पोरगंही त्याच वाटेला लागलं का, एवढं सांगा."

आम्ही कागद उलगडला. एकाखाली एक आकडे होते: ४, ४, ३ असे करत शेवटी १८. प्रत्येक आकड्यापुढे इंग्रजीत काही नाव. मटक्याने बसलेली घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांच्या छातीत असा कागद पाहून धस्स व्हावे यात नवल नाही. संध्याकाळी आम्ही मुलाला बोलावून घेतले. तो कॉलेज सांभाळून एका दुकानात अर्धा दिवस काम करतो. कागद पाहताच त्याला हसू आले, पण आईचा चेहरा पाहून तो लगेच गप्प झाला.

"काका, ही मटक्याची चिठ्ठी नाही. ही माझ्या कॅटची यादी आहे."

त्याच्याकडून जे ऐकले आणि नंतर आम्ही स्वतः जी माहिती करून घेतली, ती आज येथे देत आहोत. पत्ते म्हटले की आपल्या आयाबहिणींना धडकी भरते. ती भीती अनुभवातून आलेली आहे, तिला कोणी हसू नये. परंतु कोणतीही गोष्ट नीट समजून घेतल्याशिवाय तिला चांगले किंवा वाईट म्हणू नये, असे आमचे मत आहे.

या खेळाचे नाव मॅजिक द गॅदरिंग. १९९३ साली तो अमेरिकेत बाजारात आला. रिचर्ड गारफील्ड या गणिताच्या अभ्यासकाने तो रचला आणि वॉशिंग्टन राज्यातील विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने तो काढला. आपल्या नेहमीच्या पत्त्यांत बावन्न पाने असतात आणि ती सर्वांना सारखीच. येथे तसे नाही. आजवर या खेळाचे २५ हजारांहून अधिक निरनिराळे पत्ते निघाले आहेत. त्यांतून निवड करून प्रत्येक खेळाडू आपला कॅट स्वतः बांधतो. काही पत्ते जमिनीचे असतात: डोंगर, जंगल, बेट, दलदल, मैदान. त्यांच्यापासून बळ मिळते आणि त्या बळावर बाकीचे पत्ते टाकता येतात. दोघेही २० गुणांनी सुरुवात करतात. ज्याचे गुण शून्यावर येतील तो साधारणतः हरला.

यात पैसे लावतात का, हा ताईंचा पहिला प्रश्न होता. खरे ते सांगितले पाहिजे. सुरुवातीच्या नियमांत दोघांनी आपल्या कॅटमधला एकेक पत्ता पणाला लावण्याची रीत होती, आणि जिंकेल त्याने दोन्ही पत्ते न्यायचे. ती रीत लवकरच मागे पडली. आजच्या स्पर्धांत पणाच्या पत्त्यांना बंदी आहे. म्हणजे हा मटका नव्हे. येथे डोके लागते आणि हिशेब लागतो.

आता त्या कागदाकडे येऊ. नियम असा की कॅटमध्ये कमीत कमी ६० पत्ते हवेत, आणि जमिनीचे साधे पाच प्रकार सोडले तर एकाच नावाचे चारपेक्षा जास्त पत्ते चालत नाहीत. शिवाय १५ पर्यंत राखीव पत्ते वेगळे ठेवता येतात. त्यांना साइडबोर्ड म्हणतात. एका डावानंतर दुसऱ्या डावापूर्वी समोरच्याचा खेळ पाहून त्यांतले पत्ते बदलून घ्यायचे असतात. नियम कडक असलेल्या स्पर्धेत नुसता कॅट आणून भागत नाही. त्याची यादी पंचांकडे आधी द्यावी लागते.

यादी कशासाठी? समजा एखाद्याकडे घरी पेटीभर पत्ते आहेत आणि दुसऱ्याकडे मोजून पंचाहत्तर. पहिल्याने समोरच्याचा कॅट पाहून दर फेरीला पेटीतून हवे ते पत्ते काढून घातले तर दुसऱ्याने करायचे काय? म्हणून यादी. एकदा ती दिली की स्पर्धा संपेपर्यंत तुम्ही तिला बांधलेले. पंच मध्येच एखाद्या फेरीच्या आरंभी टेबलावरचा कॅट उचलून नेतात आणि यादीशी पत्ता न् पत्ता ताडून पाहतात. ज्याच्याकडे थोडे आहे, त्याचे रक्षण हा कागद करतो. ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटली.

पण कागद रक्षण करील तो नीट लिहिला असेल तरच. एका ओळीत एकच पत्ता लिहावा. आधी संख्या, मग पूर्ण नाव. मुख्य कॅट आणि राखीव पत्ते यांचे रकाने वेगळे ठेवावेत. शेवटी बेरीज करावी. एवढेच शास्त्र आहे, पण घाईत नेमके हेच चुकते.

आमच्या या मुलाचेच घ्या. पावसाळ्यात एका स्पर्धेत त्याने यादीत लिहिले, "४ लाइटनिंग". त्याच्या मनात होता लाइटनिंग बोल्ट. परंतु लाइटनिंग स्ट्राइक नावाचाही पत्ता आहे आणि लाइटनिंग हेलिक्सही आहे. तिन्ही पत्ते समोरच्याचे तीन गुण घेतात, पण बोल्टला एक बळ लागते आणि बाकीच्या दोघांना दोन. पंचांनी विचारले, यांतला कोणता? त्याने सांगितले, पण कागद काही बोलेना. शिक्षा म्हणून एक डाव न खेळताच गेला आणि पुढे ती फेरीही गेली. "पंचांचं बरोबर होतं, काका," तो म्हणाला. "मीच आळस केला." हे तो स्वतःहून बोलला, याचे आम्हाला बरे वाटले.

जेस नावाच्या जादूगाराचेही असेच आहे. जेस बेलेरन हा २००७ सालचा पत्ता, जेस द माइंड स्कल्प्टर २०१० सालचा, आणि त्यानंतरही कितीतरी जेस आले. नुसते "जेस" लिहिणे म्हणजे मोठ्या वसाहतीत "पाटलांकडे" एवढाच पत्ता लिहून पत्र टाकण्यासारखे आहे. काही जुन्या पत्त्यांच्या नावात ए आणि ई ही इंग्रजी अक्षरे आपल्या जोडाक्षरासारखी एकत्र छापलेली असत. टंकताना ते अक्षर सापडायचे नाही. पुढे कंपनीनेच ती दोन अक्षरे सुटी छापावयास घेतली. आता याद्या संगणकावरही लिहितात. तेथे संख्या आणि नाव यांच्यापुढे तो पत्ता कोणत्या संचातला, हेही खुणेच्या अक्षरांनी आणि क्रमांकाने लिहिण्याची पद्धत आहे. माणूस चुकलेले अक्षर ओळखून घेतो, यंत्र घेईलच असे नाही.

नावाला एवढे महत्त्व का? कारण या खेळात पत्त्याची ओळख चित्रावरून ठरत नाही, नावावरून ठरते. १९९३ सालचा लाइटनिंग बोल्ट आणि पुढे कितीतरी वेळा नव्या चित्रांसह छापलेला लाइटनिंग बोल्ट हा नियमाने एकच पत्ता. जुन्याला बाजारात भारी किंमत, नवा बराच स्वस्त. पण डाव मांडला की दोघांची ताकद सारखी. जुना किंवा महाग म्हणून त्याने चार गुण घेतले, असे होत नाही.

नाव अर्धे घेतल्याने काय होते, याचा एक जाहीर दाखलाच आहे. एक पत्ता असा आहे की तो टाकताना दुसऱ्या एखाद्या पत्त्याचे नाव घ्यावे, म्हणजे त्या पत्त्याची खास करामत बंद पडते. २०१७ साली अमेरिकेत लास व्हेगास येथील मोठ्या स्पर्धेत एका खेळाडूने तो टाकला आणि नाव घेतले "बोर्बोरिग्मॉस". समोरच्याच्या कॅटमध्ये होता "बोर्बोरिग्मॉस एनरेज्ड", म्हणजे संतापलेला बोर्बोरिग्मॉस. नुसत्या बोर्बोरिग्मॉस नावाचा पत्ता २००६ सालीच निघालेला होता. पंचांनी उच्चारलेले नाव धरले, मनातले धरले नाही. त्याला काय म्हणायचे होते ते साऱ्यांना कळत होते, मग हा न्याय झाला काय, यावर पुष्कळ वाद झाला. आम्हाला दोन्ही बाजू पटतात. पण शाळेच्या दाखल्यावर एक नाव आणि रेशनकार्डावर दुसरे, यापायी कचेरीचे हेलपाटे घातलेल्या आमच्या वाचकांना तो खेळाडू परका वाटणार नाही.

याद्या लिहिताना मोठेही चुकतात, हेही मुलांना सांगावे. १९९३ च्या ऑगस्टमध्ये या खेळाची अगदी पहिली छपाई झाली. तिच्यात २९५ पत्ते होते. असायला हवे होते आणखी दोन. सर्कल ऑफ प्रोटेक्शन ब्लॅक आणि व्होल्कॅनिक आयलंड हे दोन पत्ते चुकून राहूनच गेले. दोनेक महिन्यांनी आलेल्या पुढच्या छपाईत ते घातले.

यादीचा आणखी एक उपयोग आहे, आणि आमच्या मते तोच सर्वांत मोठा. जिंकलेल्या कॅटच्या याद्या प्रसिद्ध होतात. पत्ते विकत घ्यावे लागतात, यादी मात्र फुकट वाचता येते. १९९६ साली अटलांटा येथे एका पात्रता स्पर्धेत पॉल स्लाय नावाचा खेळाडू दुसरा आला. त्याच्या कॅटमध्ये लोक ज्यांना हसत असे कितीतरी साधे, हलके पत्ते होते. जे श्नायडर याच्या कल्पनेतून तो कॅट उभा राहिला होता. हिशेब असा की पहिल्या पाळीपासून हाती असलेले सारे बळ वापरायचे, एकही पाळी फुकट घालवायची नाही. ती यादी लोकांनी वाचली, तपासली, आणि तेव्हापासून त्या पद्धतीला स्लाय हेच नाव पडले. भारी पत्त्यांवाचूनही बांधणी करता येते, हे एका कागदाने सर्वांना शिकवले.

आता खर्चाविषयी. दुकानात बंद पाकिटे मिळतात आणि आत कोणते पत्ते निघतील ते आधी कळत नाही. हाच या खेळातला मटक्याच्या जवळ जाणारा भाग आहे आणि येथे आईवडिलांनी सावध राहावे. हवा तो पत्ता निघेल म्हणून पाकिटामागून पाकीट फोडणे हे सोडतीचे तिकीट घेण्यासारखेच आहे. त्यापेक्षा आधी यादी करावी आणि यादीतला नेमका पत्ता सुटा घ्यावा, स्वस्तात स्वस्त छपाईचा. घरी सराव करायचा तर कोऱ्या चिठ्ठीवर पत्त्याचे नाव लिहून ती दुसऱ्या पत्त्यावर बसवावी. सरावासाठी आणि स्वतःपुरत्या अशा चिठ्ठ्यांना आपली हरकत नाही, असे कंपनीने २०१६ साली जाहीर केले आहे. मान्यताप्राप्त स्पर्धेत मात्र खरेच पत्ते लागतात. हा मुलगाही असाच खेळतो. कॅलेंडरच्या मागच्या बाजूचे तुकडे कापून त्याने चिठ्ठ्या केल्या आहेत. महिन्याकाठी स्वतःच्या कमाईतून किती खर्च करायचा, ते त्याने त्या संध्याकाळी आईपुढे ठरवले. अभ्यास बुडाला तर खेळ बंद, हेही ठरले. असे ठरवून घेतल्यास घरात भांडणाचे कारण उरत नाही.

बोलणे चालू असता ताई गप्पच होत्या. कागद त्यांच्याच हातात होता. ताईंना इंग्रजी वाचता येत नाही, पण महिन्याचा हिशेब त्या तोंडी करतात आणि कधी चुकत नाहीत. बोट एकेका आकड्यावरून खाली सरकत होते. शेवटच्या ओळीवर येऊन त्या थांबल्या.

"साठ लागतात म्हणालास ना? हे तर अठ्ठावन्न भरतात."

मुलाने कागद घेतला. दोनदा मोजला. मग कपाळावर हात मारून म्हणाला, "डोंगर वीस आहेत, आई. मी अठरा लिहिले." स्पर्धा येत्या रविवारी होती. त्याने तिथेच आमच्याकडून कोरा कागद मागून घेतला आणि सारी यादी पहिल्यापासून पुन्हा लिहून काढली. एका ओळीत एक पत्ता, आधी संख्या, मग पूर्ण नाव. ताईंनी पुन्हा बेरीज केली. साठ भरले. कागदाची घडी घालून त्यांनी तो स्वतःच्या हाताने मुलाच्या खिशात ठेवला आणि म्हणाल्या, "आता शर्ट धुवायला टाकशील तर आधी खिसा बघ."