सोपा पेपर आणि पुढची वाट

दहावीचा निकाल लागतो, पेढे वाटून होतात आणि दुसऱ्याच दिवशी घरात नवी काळजी शिरते. अकरावीला विषय कोणते घ्यायचे? माहितीपुस्तिका चारदा वाचूनही उलगडा होत नाही. शाळा म्हणते, कॉलेजात विचारा. कॉलेज म्हणते, मंडळाचे परिपत्रक पाहा. आई-वडिलांनी वैतागू नये तर काय करावे?

सीबीएसईच्या गणिताचेच उदाहरण घ्या. 2020 च्या दहावीच्या परीक्षेपासून मंडळाने गणिताच्या दोन प्रश्नपत्रिका केल्या, 'स्टँडर्ड' आणि 'बेसिक'. अभ्यासक्रम एक, वर्ग एक, शिकवणे एक. फक्त बेसिकची प्रश्नपत्रिका सोपी. सोप्या पेपरात गुण जास्त पडतील, असा हिशेब अनेक घरांत झाला आणि तो स्वाभाविकही होता. पण मूळ नियमात एक मेख होती. बेसिक घेऊन उत्तीर्ण झालेल्या मुलाला अकरावीत गणित हवे असेल, तर त्याने पुरवणी परीक्षेत स्टँडर्डचा पेपर उत्तीर्ण व्हायला हवे. पुढे कोरोनाच्या काळात, 2020-21 मध्ये, या अटीतून सवलत मिळाली. नंतरही ती एकेका वर्षासाठी वाढवली गेली. म्हणजे थोरल्याला लागू असलेला नियम धाकटीला लागू असेलच, याची खात्री नाही!

खरा फटका बसतो तो उशिरा. गणिताची धास्ती घेतलेली एखादी मुलगी दहावीला बेसिक निवडते आणि अकरावीत गणित सोडून जीवशास्त्र घेते. बारावीत तिला वास्तुकलेची ओढ लागते आणि तेव्हा कळते की त्या अभ्यासक्रमाला बारावीचे गणित लागते. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्स करायचे म्हटले, तरी तीच अडचण. तिला कोणी नाही म्हटलेले नसते. वाट दोन वर्षांपूर्वीच बंद झालेली असते, आणि तीही पंधराव्या वर्षी भरलेल्या एका अर्जाने.

नियम कधी सैलही होतात. नोव्हेंबर 2023 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने बारावीला जीवशास्त्र न घेतलेल्यांना तो विषय नंतर अतिरिक्त म्हणून उत्तीर्ण होऊन 'नीट' देण्याची मुभा दिली. पण अशा सवलतीच्या भरवशावर मुलांचे विषय ठरवणे शहाणपणाचे नाही.

मग पालकांनी काय करावे? एक म्हणजे, नियम शेवटाकडून वाचावेत. मुलाला आवडू शकतील असे तीन-चार अभ्यासक्रम घ्यावेत आणि त्यांना बारावीचे कोणते विषय लागतात, हे आधी पाहावे. दुसरे, परिपत्रक त्याच वर्षाचे आहे ना, हे तपासावे आणि शंकेचे उत्तर शाळेकडून लेखी घ्यावे. तिसरे, एखाद्या विषयाची नुसती भीती वाटते म्हणून तो सोडू देऊ नये. आधी वर्षभर नीट मदत द्यावी, मग ठरवावे.

शाळांचेही एक कर्तव्य आहे. परीक्षार्थींची यादी मंडळाकडे पाठवण्यापूर्वी पालकांची एक सभा बोलवावी आणि कोणत्या विषयाने पुढे कोणती वाट मोकळी राहते, हे साध्या भाषेत सांगावे. तासाभराची ही सभा एखाद्या मुलाची दोन वर्षे वाचवू शकते.